आण्णांच्या टेम्पोतला क्लास

माईक चालू आहे का हे बघायला सगळं जग 'हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन' म्हणतं. आण्णा 'जेवला का?' असं विचारतात. तोंड माईकपाशी आणि नजर मांडवाच्या शेवटच्या खांबाशी. तिथून कुणीतरी 'व्हय' म्हणून ओरडलं की आण्णा मान डोलावतात. कुणीच बोललं नाही तर मशीनवर बसलेल्या काकूंना 'थोडं वाढव' अशी हातानं खूण करतात. "एक-दोन-तीनला कोण उत्तर देतंय का? माणसाला माणसागत इचारलं म्हंजे पोचलं का न्हाई ते कळतं," असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागातल्या लग्नांत, बारशांत आणि बैलगाड्यांच्या शर्यतींत वर्षानुवर्षं हा एकच प्रश्न घुमतो आहे. स्मशानात मात्र ते नुसतं खाकरतात.

माझं माहेर विट्याजवळ आणि आण्णांचं घर आमच्या परड्याला लागून. त्यांचा खरा धंदा साउंडचा. एक पिवळा टेम्पो, त्यात स्पीकरची खोकी, दोन जुने कर्णे आणि वायरींची भेंडोळी. निवेदक ते अपघातानं झाले. पूर्वी पुढारी वेळेवर यायचे नाहीत, आताही येत नाहीत, आणि मांडवातली माणसं उठायला लागली की यजमान साउंडवाल्याकडे बघून म्हणायचा, "आरं, काय तरी बोलत ऱ्हा." आण्णा काय तरी बोलत राहिले. त्यांचं 'काय तरी' पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा बरं असतं, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आलं.

माणूस अंगानं काटकुळा. पांढरा शर्ट आणि खिशात दोन रुमाल. एक चौकडीचा, घाम पुसायला. दुसरा पांढराशुभ्र, इस्त्रीचा, चौघडी घातलेला. हा दुसरा रुमाल कामाचा, आणि त्याला घामाचा थेंबही लागलेला त्यांना खपत नाही.

काकू म्हणजे आण्णांची बायको, नाव सिंधू, पण सगळा भाग त्यांना मशीनवाल्या काकू म्हणूनच ओळखतो. आवाज लहानमोठा करायची सगळी बटणं त्यांच्या ताब्यात. कुणी फारच पाल्हाळ लावलं, की काकू शांतपणे एक बटण खाली करतात आणि शेजारणीला सांगतात, "लाईट गेली." बोलणारा लाईटीच्या नावानं बोटं मोडत खाली बसतो आणि पाच मिनिटांत लाईट येते. आण्णांना हे सगळं माहीत आहे. "आमच्यात बोलायचं काम माझं, थांबवायचं तिचं," एवढंच ते म्हणतात.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय आण्णा कळायचे नाहीत.

रहिमतपूरजवळच्या एका गावात मला दिलं. मालक लष्करात, वर्षातून दोनदा घरी. गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा माझा फॉर्म माझ्या दिरांनी भरला, प्रचारही त्यांनीच केला आणि निवडून मी आले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर माझं पहिलं भाषण होतं. 'आदरणीय व्यासपीठ' इथवर ठीक झालं. पुढचं काही दिसेना. कागद हातात होता, अक्षरं कागदावर होती, पण माझी जीभ टाळ्याला चिकटली. शेवटी भाऊजींनी माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि "वैनींची तब्येत बरी न्हाई" असं सांगून ते वीस मिनिटं बोलले. माझ्या त्या फजितीचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत दोनदा येऊन गेला. त्या दिवसापासून माईक भाऊजींकडेच राहिला. कुठलीही सभा असली की मी खुर्चीत आणि आवाज त्यांचा.

एवढ्यावर भागलं असतं, पण आमच्या गावाला माळावर एक वस्ती आहे. तिथं पाणी चार दिवसांनी यायचं. निवडणुकीत मी वस्तीवरच्या बायकांना पाईपलाईनचा शब्द दिला होता. घरोघरी, चुलीपाशी बसून दिला होता. तिथं मला बोलता येत होतं. भाऊजींना पाईपलाईनला लागणाऱ्या निधीतूनच गावाच्या वेशीवर स्वागत कमान बांधायची होती. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत काय ते ठरणार होतं. मी गप्प बसले तर कमान होणार, हे मला माहीत होतं, भाऊजींना माहीत होतं आणि वस्तीवरच्या बायकांनाही माहीत होतं. त्या मला रस्त्यात भेटल्या की काही बोलायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या. ते हसू मला व्हिडिओपेक्षा जास्त लागायचं.

मे महिन्यात पोरांना घेऊन माहेरी आले. आईनं आण्णांच्या कानावर घातलं असावं. ते परड्यातून आले आणि कट्ट्यावर बसले.

"तुझा व्हिडिओ बगितला," ते म्हणाले. "चांगला हाय."

"आण्णा, थट्टा करू नगा."

"थट्टा न्हाई. हुबी ऱ्हायलीस का न्हाई? माईक काढून घेईस्तवर जागची हालली न्हाईस. मी पयल्यांदा पळालो हुतो, थेट उसात." मग उठता उठता म्हणाले, "उद्या सात वाजता टेम्पोत बसा, सरपंच."

लहानपणापासून मला 'पोरी' म्हणणारा माणूस त्या क्षणापासून 'सरपंच' आणि 'तुमी' म्हणायला लागला, तो आजतागायत. मी विचारलं, "क्लास कुठं असतोय तुमचा?"

"माझ्याकडं क्लास न्हाई. टेम्पो हाय."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आण्णा, मधे काकू आणि खिडकीशी मी, असे निघालो. पहिला धडा तिथंच सुरू झाला. रस्त्यावर दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची. गावाची, दवाखान्याची, 'पुढे शाळा आहे' अशी, 'येथे म्हशीचे दूध मिळेल' अशी. टेम्पोच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा, पण किंचाळायचं नाही. एका खताच्या दुकानाची पाटी मी तोंडातल्या तोंडात उरकली. आण्णांनी टेम्पो थांबवला, मान बाहेर काढून मागे बघितलं आणि भर रस्त्यात टेम्पो उलटा घेत त्या दुकानासमोर आणून उभा केला. दुकानदार बाहेर आला. मी त्याच्यासमोर त्याचीच पाटी खणखणीत वाचून दाखवली. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "बराबर हाय." मला इतकं हसू आलं की भ्यायचं राहून गेलं.

आण्णांची पद्धत साधी होती आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. "आदी जितं कोणच ऐकत न्हाई तितं बोलायचं. मग जितं एकच माणूस ऐकतोय तितं. आन शेवटी जितं समदी ऐकत्यात तितं. लोक काय करत्यात, शेवटच्या पायरीला जाऊन हुबं ऱ्हात्यात आन मग पडत्यात."

कोणीच ऐकत नाही अशी जागा म्हणजे लग्नाचा मांडव. आमच्याकडे लग्नात आलेल्या पाहुण्यांची नावं माईकवरून घ्यावी लागतात. अमुक गावचे माजी उपसरपंच, तमुक सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांचं 'सहर्ष स्वागत'. चिठ्ठ्या येत राहतात, आपण वाचत राहायचं. मांडवात वाजंत्री, पोरांचा दंगा, करवल्यांची धावपळ. आण्णांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि स्वतः शेवटच्या खांबाशी जाऊन बसले. मांडीवर तो पांढरा रुमाल. रुमाल वर झाला की समजायचं, आवाज पोचत नाही. ओरडायचं नाही, फक्त त्या शेवटच्या माणसाशी बोलायचं.

"आन नाव चुकलं तर?" मी आधीच विचारून घेतलं होतं.

"ज्याचं चुकलं तेवढा एक ऐकतोय म्हणून समजा. त्याला चा पाजू."

पहिल्या लग्नात रुमाल इतक्या वेळा वर झाला की एका पाहुण्याला वाटलं आण्णा त्यालाच बोलावताहेत. तो उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. चौथ्या-पाचव्या लग्नात रुमाल मांडीवर राहायला लागला. सिझन जोरात होता, एकेका दिवशी दोन-दोन लग्नं. प्रत्येक लग्नात शेवटचं वाक्य ठरलेलं: 'वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत आणि जेवण केल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही नम्र विनंती.' हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं की झोपेतही म्हणते, असं माझी धाकटी सांगायची.

एकच माणूस ऐकतो ती जागा म्हणजे काकूंची चूल. एका दुपारी आण्णांनी मला तिथं नेऊन बसवलं आणि काकूंना म्हणाले, "ह्या सरपंच. तू ह्यांचा दीर. कर भांडण." आणि स्वतः बाहेर बाजेवर पडले.

काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाईप मातीत जातीया, कुणाला दिसती? कमान दिसती. गावाचं नाव हुतंय. कमान का नगं?"

मी पाण्याचं महत्त्व सांगितलं. "पटलं न्हाई," काकू म्हणाल्या. मी योजनेचे नियम सांगितले. "पटलं न्हाई." तीन भाकऱ्या झाल्या. शेवटी मला राग आला आणि मी म्हणाले, "आवं, कमानीखालनं पाव्हणा वर्सातनं एकदा येतोय. वस्तीवरची बाई रोज तीन खेपा माळ चढती, डोक्यावर हंडा घिऊन. तिला कोण म्हणतंय सहर्ष स्वागत?"

काकूंचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा त्यांनी ती उलटली आणि मला म्हणाल्या, "हां. हे तितं सांग." बाहेरून बाजेचा करकरण्याचा आवाज आला. आण्णा झोपले नव्हते.

आणि मग तिसरी पायरी. सगळे ऐकतात अशी जागा म्हणजे रक्षाविसर्जन.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी नदीकाठी माणसं जमतात, नैवेद्य ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलतात. तिथं कुणी खोकतसुद्धा नाही. शेजारच्या गावातले दाजी गेले होते, वय झालेले, मोठा गोतावळा. आण्णांनी बॅटरीवरचा छोटा स्पीकर नेला होता. टेम्पोत त्यांनी मला दाजींच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि तिथं गेल्यावर माझं नाव पुकारलं. पद असलं की आमच्याकडे अशा ठिकाणी बोलावंच लागतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

मी उभी राहिले. येरळा नदीचं कोरडं पात्र, खाली बसलेली दोनएकशे माणसं, पुढे दाजींचा थोरला मुलगा, डोकं भादरलेला, डोळे कोरडे ठणठणीत. मी चांगलं बोलले, खरंच सांगते. शेवटच्या माणसाशी बोलले. रुमाल हलला नाही. "त्यांच्या आत्म्याला शांती लाभो," असं म्हणाले. इथं थांबायचं होतं. पण जिभेला वळण पडलं होतं. ती थांबली नाही. "आणि जेवण केल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही नम्र विनंती."

धरणीनं पोटात घ्यावं असं मी नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी मी खाली बघून जागा शोधली. दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. सव्वीस जानेवारी बरी होती असं वाटलं.

आण्णा मागून उठले. घाई न करता चालत पुढे आले. माईक घेतला नाही, तसेच बोलले. "मंडळी, सरपंच चुकल्या न्हाईत. दाजींच्या दारात गेलेला माणूस उपाशी परत आलाय का कवा? आला असंल त्यानं हात वर करावा." एकही हात वर झाला नाही. "आवं, मग हे वाक्य कुणाचं? दाजींचंच न्हवं? जाता जाता शेवटचं तेवढंच म्हणले असतील, का जेवल्याबिगार कुणी जायाचं न्हाई."

दाजींचा मुलगा ढसाढसा रडायला लागला. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच रडला, असं नंतर कळलं. म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावत माझ्याकडे बघून माना हलवत होत्या. कावळा कधी शिवला ते मी बघितलंच नाही.

परतताना टेम्पो डांबरी रस्त्याला लागला. मग मी विचारलं, "आण्णा, दाजी खरंच तसं म्हणायचे?"

"मी कुटं त्यांच्या घरी गेलोय?"

"मग?"

"आवं, एवढं मोठं घर. कुणी तरी वाढलंच असंल की."

"वाढलं असंल त्यांच्या मालकिणीनं," काकू मधूनच म्हणाल्या. "नाव दाजींचं झालं." आण्णांनी गिअर बदलला. मी पाट्या वाचायला विसरले होते, त्यांनी त्या दिवशी आठवण केली नाही.

त्या रात्री झोपताना जाणवलं, की माणसाकडून होऊ शकते ती सगळ्यात वाईट चूक माझ्याकडून होऊन गेली होती आणि मी भाकरी खाऊन अंथरुणावर पडले होते. भीती त्यानंतरही आली, पण ती मला ओळखेनाशी झाली होती.

पंधरा ऑगस्टला मी आण्णांचा साउंड सांगितला. "गावात साउंडवाला न्हाई का? पार विट्यावरनं आणायचं काय कारण?" भाऊजी कुरकुरले. पण आण्णा पहाटे निघून वेळेआधी पोचले. समाजमंदिरात वर पंखा फिरत होता. आण्णांनी 'जेवला का?' विचारलं, शेवटच्या रांगेतून वस्तीवरच्या बायकांनी 'व्हय' म्हटलं आणि आण्णा त्यांच्यातच जाऊन बसले.

विषय निघाला. मी उठले, माईक घेतला, "आपल्या वस्तीवर," एवढं बोलले आणि भाऊजी उभे राहिले. "वैनी, थांबा, मी समजावून सांगतो," म्हणत त्यांनी सवयीनं माझ्या हातातून माईक घेतला. मीही सवयीनं दिला. दिला आणि मला माझाच राग आला.

भाऊजींनी सुरुवात केली. आवाज येईना. त्यांनी माईकवर टिचकी मारली. "हॅलो. हॅलो. एक, दोन." काही नाही. कोपऱ्यात मशीनवर काकू छताकडे बघत बसल्या होत्या. "लाईट गेली," त्या म्हणाल्या.

वर पंखा गरगरा फिरत होता.

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. आण्णांच्या मांडीवर रुमाल होता आणि त्यांची नजर माझ्यावर होती. "भाऊजी, तुमी बसा," मी म्हणाले. "मी बोलते. माईक नगं मला." आणि बोलले. काकूंच्या चुलीपाशी बोलले होते तेच, कमानीखालचा पाहुणा आणि माळ चढणारी बाई, पण या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत. तो हंडा ज्यांच्या डोक्यावर असायचा त्या तिथंच बसल्या होत्या. भाऊजी मेलेला माईक हातात धरून शेवटपर्यंत उभे होते. रुमाल एकदाही वर झाला नाही. हात मात्र वर झाले, पाईपलाईनच्या बाजूनं, इतके की ग्रामसेवकाला दोनदा मोजावे लागले.

खोकी टेम्पोत चढवून झाल्यावर आण्णांनी तो चौघडीचा पांढरा रुमाल माझ्या हातात ठेवला. "तुमचं सर्टिफिकेट," ते म्हणाले.

"आन तुमाला?"

"डझनानं आणतोय मी."

पुढच्या उन्हाळ्यात माळावर नळाला पाणी आलं. वस्तीनं कार्यक्रम ठेवला, जेवण ठेवलं. भाऊजी पंगतीची व्यवस्था बघत होते. वैनींना बोलायला त्यांनीच शिकवलं, असं ते हल्ली सांगतात आणि मी नाही म्हणत नाही. सत्कारात मी आण्णा-काकूंचं नाव घातलं होतं. काकूंनी जागेवरूनच हात जोडले, मशीन सोडून त्या कुठं जात नाहीत. आण्णांना वर आणलं, फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. आणि कुणीतरी म्हणालं, "आण्णा, स्वतःबद्दल दोन शब्द बोला."

आण्णा माईकपाशी गेले आणि थांबले. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मला आधी वाटलं गंमत करताहेत. मग त्यांच्या हातातला नारळ दिसला. तो त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरला होता. हजार लोकांची नावं, हजार लोकांचं कौतुक त्यांनी केलं होतं. त्यांच्याविषयी बोला असं त्यांना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. माणसं चुळबुळायला लागली. काकूंचा हात बटणाकडे गेला आणि थबकला.

मी व्यासपीठावरून उतरले. मधल्या वाटेनं मागे गेले, शेवटच्या खांबाशी उभी राहिले आणि पर्समधून तो पांढरा रुमाल काढून वर धरला.

आण्णांनी बघितलं. आधी त्यांना कळलं नसावं. मग चेहरा हळूहळू फुलत गेला आणि ते माझ्याशी बोलले, त्या एवढ्या माणसांवरून थेट माझ्याशी. "जेवण केल्याशिवाय कुणीही जाऊ नये," त्यांनी गळा साफ केला, "ही नम्र विनंती." बस, एवढंच. वस्तीला त्यातलं काही माहीत नव्हतं, तरी टाळ्या थांबेनात. काकू बटणं सोडून डोळे पुसत होत्या.

सगळ्यांना जेवायला थांबवून आण्णा स्वतः मात्र निघाले. संध्याकाळी वडूजला लग्न होतं. मी पंगतीत वाढत होते. टेम्पो माळाच्या उताराला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं. आमटीची बादली हातात घेऊन मी कडेपर्यंत धावले आणि होती नव्हती तेवढ्या ताकदीनं ओरडले, "आण्णा! जेवून जावा!"

पंगतीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. उतारावर टेम्पोचा वेग कमी झाला नाही. पण खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्या हातात पांढरा रुमाल होता, उंच धरलेला.

मी बादली खाली ठेवली आणि पुन्हा हाक मारली.